बघायला शिकण्याची वर्षं

(काकती येथे गणेशोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या पोरांनी मला विषय दिला तो असा : ‘कला महाविद्यालयातील शिक्षण आणि कलावंताची जडणघडण’. विषय कागदावर चांगला दिसतो. पण तो द्यायचं खरं कारण मला ठाऊक आहे. आपल्या गावातला एक मुलगा यंदा बारावीला आहे. त्याचा हात चांगला आहे. ह्या मंडपाच्या कमानीवरचं मोराचं काम त्याचंच. त्याला कला महाविद्यालयात जायचंय आणि घरच्यांचं म्हणणं आहे इंजिनिअरिंगला जा, नाहीतर आयटीआय कर. महिन्यापूर्वी त्याची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली. चहा घेतला नाही. एवढंच विचारलं, “सर, ह्यानं पोट भरतंय काय, तेवढं सांगा.” मी त्या दिवशी गोलगोल बोललो. घरी आलेल्या बाईला असं परत पाठवायला नको होतं. आज जमेल तसं नीट सांगतो. मुलाचं नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहेच.

आधी माझी ओळख मीच करून देतो, कारण अध्यक्षांनी ‘ज्येष्ठ चित्रकार’ म्हणून जे सांगितलं त्यात थोडं जास्तीचं आहे. मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. निवृत्त झालो. त्याआधी मुंबईत सहा वर्षं जाहिरातींच्या स्टुडिओत नोकरी केली. बेळगावात माझी दोन प्रदर्शनं झाली, दोन्ही मिळून विकली गेलेली चित्रं हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातलं एक माझ्या मेहुण्यानं घेतलं. तेव्हा मोठ्या कलावंताचं मार्गदर्शन ऐकायला जे आले असतील त्यांनी अजून वेळ आहे, प्रसाद घेऊन जावं. कॉलेजनं माझं काय केलं आणि काय केलं नाही एवढंच मी सांगू शकतो.

आमच्या घरी चित्रकला आली ती गणपतीबरोबर. माझे आप्पा गवंडी. माझा थोरला चुलतभाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणायचो, तो नववीत शाळा सोडून रंगकामाला लागला. हायवेवरच्या ढाब्यांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, दुकानांचे बोर्ड. कानडी आणि मराठी, दोन्ही अक्षरं तो अशी काढायचा की छापल्यासारखी. खडूनं दोरी मारून दोन रेघा आखायच्या आणि थेट ब्रश लावायचा. पेन्सिल नाही. गणपतीच्या दिवसांत तो मूर्ती रंगवायला जायचा. अंगाचा रंग आम्ही पोरं द्यायचो, पण डोळ्यांची आखणी फक्त दादा करणार. श्वास रोखून एका दमात. मी पंधरा वर्षांचा होईपर्यंत जे शिकलो ते त्याच्याकडं शिकलो : ब्रश कसा धरायचा, एनॅमल किती पातळ करायचा, काम झालं की ब्रश रॉकेलमध्ये धुऊन मगच जेवायला बसायचं.

देखावेही आम्हीच करायचो. आणि काकतीत देखावा म्हटलं की राणी चन्नम्मा आलीच. ती ह्या गावची लेक. १७७८ साली इथं जन्मली, कित्तूरला दिली, इंग्रजांशी लढली. दरवर्षी आम्ही तिला घोड्यावर बसवायचो. घोडा एका कॅलेंडरवरून, तलवार दुसऱ्या कॅलेंडरवरून, चेहरा सिनेमाच्या पोस्टरवरून. लोक टाळ्या वाजवायचे. सगळं गाव मला ‘आर्टिस्ट’ म्हणायला लागलं आणि माझाही त्यावर विश्वास बसला.

१९८२ साली माझी पीयूसी झाली. घरात पैसा एकाच्याच शिक्षणापुरता होता आणि दादाची वेळ तर निघूनच गेली होती. आप्पांचं म्हणणं साखर कारखान्यात कुठं चिकटतो का बघू. दादानं त्यांच्याशी भांडण केलं. पाट्यांचे साठवलेले सातशे रुपये आणि आपली ब्रशची डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तू जा. इथलं मी बघतो.” हे तेव्हा मला साधं वाटलं होतं. आज उभं राहून सांगताना तसं वाटत नाही.

पहिलं वर्ष, ज्याला फाउंडेशन म्हणतात, ते मी कोल्हापुरात केलं आणि पुढची चार वर्षं मुंबईत. दोन्ही कॉलेजांची नावं मी घेत नाही, कारण चांगलं सांगणार तसं थोडं वाकडंही सांगणार आहे. मुंबईच्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर माझी सर्टिफिकेटं बघून कारकून म्हणाला, “हे काय?” महाराष्ट्रातल्या मुलांच्या हातात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, माझ्या हातात कर्नाटक सरकारची लोअर आणि हायर. वर कानडी शिक्का. तीन दिवस मला ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्गात माझं नाव पडलं ते ‘कानडी आप्पा’. इथं आम्ही मराठी म्हणून वेगळे, तिथं कानडी म्हणून वेगळे. सीमाभागातल्या माणसाला हे काही नवीन नाही, म्हणून पुढं जातो.

कोल्हापुरातला पहिला आठवडा मात्र सांगायला हवा. सरांनी समोर एक मडकं, एक वीट आणि एक मळकं फडकं ठेवलं. म्हणाले, काढा. मला हसू आलं. राणी चन्नम्मा काढणाऱ्याला मडकं? मी अर्ध्या तासात काढलं. कापसानं शेडिंग घासून गुळगुळीत केलं. मडकं चकाकत होतं. सर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, “मडक्याला पोचा कुठल्या बाजूला आहे?” मी मडक्याकडं बघितलं. डाव्या बाजूला तळहाताएवढा पोचा होता. माझ्या चित्रात नव्हता. “म्हणजे तू ह्या मडक्याचं चित्र काढलंच नाहीस. मडकं कसं असतं हे तुला आधीच ठाऊक होतं, ते काढलंस.” आणि माझ्या खिशातलं खोडरबर काढून घेतलं, ते सहामाहीपर्यंत परत दिलं नाही.

मी त्या रात्री दादाला पत्र लिहिलं की इथले मास्तर काही खरे नाहीत, मी परत येतो. दादानं उत्तर दिलं नाही. त्याला पत्र लिहायचा कंटाळा. तेवढ्यावर माझं शिक्षण वाचलं.

सहा महिने आम्ही फक्त बघत होतो. वीट बघितली, कांदा बघितला, स्वतःचा डावा हात बघितला. रविवारी सर रंकाळ्यावर आणि कोटितीर्थावर स्केचिंगला न्यायचे. तिथं त्यांनी आबालाल रहिमान यांच्याबद्दल सांगितलं. आबालाल कोल्हापूरचेच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, नाव मिळवलं, आणि मग मुंबईत न थांबता परत येऊन कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तेच पाणी, तीच झाडं, तोच उजेड रंगवत राहिले. १९३१ साली गेले. सर म्हणायचे, हे तळं तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून इथं आहे, पण ते बघितलं एकानं. मला तेव्हा आमची मार्कंडेय नदी आठवायची. तिच्यात मी पोहलो होतो, म्हशी धुतल्या होत्या. तिचा रंग कुणी विचारला असता तर मी निळा म्हणून सांगितलं असतं.

इथं थोडं थांबून एक शंका घेतो, कारण ती तुमच्याही मनात आली असेल. कॉलेजशिवाय कलावंत होत नाही काय? होतो की. कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ. ह्यांच्यापैकी कुणीही कला शाळेत गेलं नाही. नाटकांचे पडदे रंगवून दोघांनी असं नाव काढलं की मेस्त्री आडनाव मागे पडून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. आनंदराव लवकर, १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि व्ही. शांताराम तिथंच तयार झाले. तेव्हा पदवीशिवाय काही होत नाही असं मी कुणाला सांगणार नाही. पण ही गोष्ट सांगणारे लोक एक विसरतात. त्या वेळच्या कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराज होते, नाटक कंपन्या होत्या, पडद्यांना मागणी होती, शेजारच्या गल्लीत दुसरा चित्रकार होता. ज्याच्या भोवती हे सगळं असतं त्याचं गावच कॉलेज असतं. काकतीत दादाच्या भोवती काय होतं? ढाबा आणि ट्रक.

बेळगावातही एक असं कॉलेज होतं. त्याला विद्यापीठाची मान्यता वगैरे नसेल, पण होतं. के. बी. कुलकर्णी सर. त्यांच्या चित्रमंदिरात ज्यांचा हात घडला त्यांत रवी परांजपे होते. परांजपे १९३५ साली बेळगावात जन्मले, सरांकडं शिकले, आणि मुंबईत जाहिरात आणि बोधचित्रांच्या क्षेत्रात त्यांनी काय उंची गाठली हे मी सांगायला नको. काही वर्षं आफ्रिकेत नैरोबीलाही काम करून आले. २०२२ साली पुण्यात गेले. जॉन फर्नांडिस हेही के. बी. सरांचेच विद्यार्थी. टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघाच्या जागेत सरांच्या नावाचं कलादालन आहे. आपल्यातले किती जण आत गेलेत? भाजी विकायला, तारखेला, दवाखान्याला आपण रोज बेळगावला जातो. एकदा पोरांना घेऊन तिथंही जा.

आणि जे जे.ला गेले त्यांचं काय झालं? सगळ्यांत वाचण्यासारखी गोष्ट धुरंधरांची. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म १८६७, कोल्हापूर. १८९० च्या जानेवारीत विद्यार्थी म्हणून जे. जे.त शिरले आणि १९३१ साली निवृत्त होऊनच बाहेर पडले. शिकले तिथंच शिक्षक झाले, आणि शेवटी काही काळ त्या संस्थेचा कारभारही पाहिला. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. ज्या संस्थेला लोक कारकून तयार करायच्या शाळांसारखी सरकारी शाळा समजायचे, तिला हा माणूस मंदिर म्हणतो. ही शाळा १८५७ साली सुरू झाली, जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, आणि सुरुवातीचा हेतू चांगले कारागीर तयार करणं हा होता. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या घरातल्या पोरांसाठीच म्हणा ना.

दुसरे हळदणकर. सावंतवाडीचे, म्हणजे आंबोलीचा घाट उतरला की आपले शेजारीच. १८८२ चा जन्म. तेही जे. जे.त शिकले. शाळेच्या सहलीला म्हैसूरला गेलेल्यांनी जगनमोहन पॅलेसमध्ये हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र बघितलं असेल. गाईड पुष्कळदा राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतो. ते हळदणकरांचं आहे. चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी. आणि ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. जलरंगात एकदा कागद काळवंडला की उजेड परत आणता येत नाही. तो दिव्याचा प्रकाश बोटांच्या फटीतून चेहऱ्यावर जसा येतो, तो आधी कुणीतरी शांतपणे बसून बघितलेला आहे. मी विद्यार्थी असताना म्हैसूरला गेलो आणि त्या चित्रासमोर दोन तास उभा राहिलो. पहारेकरी माझ्यावर लक्ष ठेवून होता.

तर मुंबई. त्या काळी बेळगावहून मिरजेपर्यंत मीटर गेज गाडी. मिरजेला उतरून महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची. मधल्या वेळात फलाटावर झोपलेल्या माणसांची स्केचेस करायची, कारण झोपलेला माणूस हलत नाही. वर्षाला हजार स्केचेस असा आमच्या सरांचा दंडक. माझी निम्मी मिरज स्टेशनवर झाली.

कॉलेजात काय मिळालं ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चित्र काढायचं आणि कुणी “रिकामा बसलायस काय?” म्हणून विचारणार नाही. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या घरातल्या पोराला हे कधीच मिळत नाही. दुसरं, लाइफ क्लास. समोर जिवंत माणूस बसतो, आपण ‘डाँकी’ नावाच्या लाकडी बाकड्यावर पाय दोन बाजूंना टाकून बसायचं आणि काढायचं. आमच्यासमोर एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. पहिल्या दिवशी मी मान वर केली नाही. आपल्याकडं परक्या बाईकडं टक लावून बघणं म्हणजे काय असतं तुम्हाला माहीत आहे. तासानं त्याच म्हणाल्या, “अरे बाळा, बघितल्याशिवाय कसा काढशील? मला दिवसाचे पैसे मिळतात, तुझे फुकट चाललेत.” त्या बाईंनी शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. तिसरं, बरोबरीची पोरं. गावात मी एकटा आर्टिस्ट. तिथं चाळीस, आणि त्यातले पंधरा माझ्यापेक्षा सरस. ते पचवायला मला एक वर्ष लागलं.

काय मिळालं नाही तेही सांगतो. पैसे कसे मागायचे, बिल कसं करायचं, चित्राला किंमत काय लावायची, हे पाच वर्षांत कुणी शिकवलं नाही. काही मास्तर वर्गात यायचे ते सही करण्यापुरते. सबमिशनच्या आदल्या रात्री आम्ही एकमेकांची कामं करायचो. आणि एक फॅशन असायची. त्या वर्षी अमूर्त चाललंय म्हटल्यावर सगळा वर्ग अमूर्त. मीही काढली. ती पुढे आमच्या घरी कोंबड्यांच्या खुराड्यावर पावसात झाकायला कामी आली.

तिसऱ्या वर्षी ‘माझं गाव’ असा कॉम्पोझिशनचा विषय आला. मी काय काढणार? राणी चन्नम्मा, घोडा, तलवार. मन लावून आठ दिवस केलं. ज्युरीला सर म्हणाले, “कॅलेंडर छान उतरवलंयस.” सगळे हसले. मला फार लागलं. मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “घोड्यावरून येणारी बाई तू बघितलीस कधी?” म्हटलं, नाही. “मग तुझ्या गावात बाई कशी येते-जाते?”

मी दोन दिवस खोलीवर पडून होतो. मग आठवलं. पहाटे साडेचार-पाचला आमची आई आणि गल्लीतल्या बायका डोक्यावर वांगी-कोबीच्या टोपल्या घेऊन हायवेला उभ्या राहायच्या. बेळगावच्या मार्केटला जायला जी गाडी थांबेल ती. पावसात डोक्यावर इरलं, नाहीतर खताच्या पोत्याची खोळ. पुण्याहून बेंगळूरकडं जाणाऱ्या ट्रकचा उजेड क्षणभर पडायचा. त्या उजेडात चार बायका एकदम पिवळ्या दिसायच्या आणि परत काळोखात जायच्या. हे मी लहानपणापासून रोज बघत होतो आणि एकदाही बघितलं नव्हतं. ते मी रंगवलं. उजेड जमेना म्हणून सहा वेळा खरवडलं. पण ते माझं पहिलं चित्र, त्याच्या आधीचं काहीच माझं नव्हतं.

ते चित्र सुट्टीत गावाला आणलं. बघायला गल्ली जमली. एकानं विचारलं, “ह्यात राणी कुठली?” आप्पा काही बोलले नाहीत. आई जवळ येऊन निरखून बघत होती. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. ती म्हणाली, “चुंबळ चुकली तुझी. भार असला की चुंबळ अशी मधोमध बसत न्हाई, मागं सरकती.” मी परत मुंबईला जाऊन चुंबळ मागं सरकवली. माझ्या सगळ्या परीक्षकांमध्ये तिच्याएवढं नेमकं कुणी बोललेलं नाही.

त्याच वर्षी दादा मुंबईला आला होता. त्याला मी कॉलेज दाखवलं. लाइफ क्लासची चित्रं भिंतीला लावलेली होती. तो एका चित्रापासून दुसऱ्याकडं जात तासभर फिरला. मी शेजारी अभिमानानं उभा. त्याला आवडतंय असं मला वाटलं. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, “आमाला कुणी सांगितलंच न्हाई बघ, की आधी बघायचं असतंय.” आणि बाहेर जाऊन विडी पेटवली. पुढं तो विषय आम्ही दोघांनी कधीच काढला नाही.

त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी नम्रपणानं म्हणत नाही. ज्यांनी दोघांचंही काम बघितलंय ते इथं बसलेत, त्यांना विचारा. माझ्या मागं पाच वर्षं रोज कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, पोचा कुठं आहे? त्याच्या मागं कुणी उभं राहिलं नाही. पुढं फ्लेक्स आला. दोन वर्षांत पाट्यांचं काम बंद पडलं. दादानं ब्रश ठेवले आणि होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमन म्हणून लागला. मी तेव्हा हायस्कुलात पगार खात होतो. फ्लेक्सनं माझं काही बिघडवलं नाही, कारण माझ्याकडं एक कागद होता, ज्यावर मी शिकलो असं लिहिलेलं होतं. पोट भरतंय काय, ह्या प्रश्नाचं उत्तर ताई, असं आहे. कलेनं भरेल की नाही सांगता येत नाही. शिकलेल्याला दुसरी वाट धरता येते. मला आली. ॲनिमेशन, पुस्तकं, वस्त्रांचं डिझाइन, सिनेमाचा सेट, शिक्षकी, पुष्कळ वाटा आहेत. श्रीमंत होईलच असं मी लिहून देणार नाही. मी झालो नाही, पण दोन मुलींची लग्नं केली आणि घरावर स्लॅब टाकला.

परवा कुणी तरी मला फोनवर दाखवलं. फोनला सांगितलं की फोनच चित्र काढून देतो. राणी चन्नम्मा घोड्यावर, दोन सेकंदांत. दादाला दाखवलं तर तो इतका हसला की ठसका लागला. “माझ्यावर फ्लेक्स आला, आता फ्लेक्सवर हे आलं.” मी त्या फोनमधलं चित्र निरखून बघितलं. घोडा आमच्याच कॅलेंडरमधला वाटत होता.

आता कामाचं सांगतो, पालकांनी लिहून घ्यावं. महाराष्ट्रात ललित कलेची पदवी चार वर्षांची आहे आणि तिला प्रवेश परीक्षा असते. वस्तू समोर ठेवून काढायचं चित्र, आठवणीतून काढायचं चित्र, डिझाइन, आणि सामान्य ज्ञान. आठवणीच्या चित्रात आपली पोरं पडतात, कारण ती आठवणीतून नव्हे, मोबाईलमधून काढतात. जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, तेव्हा तिथल्या प्रवेशाची माहिती वेगळी घ्या. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी स्वतंत्र तरतूद असते, माहितीपुस्तिका पूर्ण वाचा, आणि दाखले मे महिन्यात नव्हे, आत्तापासून काढायला लागा. पणजीला गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे, १९७२ पासूनचं, आणि ते आपल्याला मुंबईपेक्षा जवळ. आणि आपल्याच राज्यात म्हैसूरची चामराजेंद्र ॲकॅडमी, दावणगेरेचं कॉलेज, बेंगळूरची चित्रकला परिषद. कानडी जमणार नाही म्हणून ही दारं बंद करू नका. मडक्याला पडलेला पोचा दोन्ही भाषांत एकाच बाजूला असतो.

आता त्या मुलाबद्दल. त्याचं मोराचं काम मी बघितलं. सफाई उत्तम आहे. मी त्याला विचारलं, मोर कुठं बघितलास? तो म्हणाला, गूगलवर. आपल्या डोंगराच्या पलीकडच्या रानात पहाटे मोर येतात, हे त्याला ठाऊक नाही असं नाही. तेव्हा कॉलेजला जायचं की नाही हे त्याच्या आई-वडिलांनी ठरवावं, फी वगैरे बघून. अडचण पडली तर मंडळानं आणि मी मिळून बघू. अध्यक्षांनी आत्ता मान हलवली आहे, तुम्ही सगळे साक्षीदार आहात. पण प्रवेश परीक्षेपर्यंतचे सहा-सात महिने आमच्या हातात आहेत.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारपासून सकाळी सहाला मार्कंडेयच्या काठावर, पुलाच्या खालच्या अंगाला, मी बसणार आहे. दादाची त्या दिवशी नाईट ड्यूटी संपते, तो परस्पर तिकडंच येतो म्हणालाय. तो मुलगा येणारच, आणखी कुणाला यायचं असेल तर या, वयाची अट नाही. कागद आणि पेन्सिल आणा. खोडरबर आणू नका, आणलंत तर दादा काढून घेईल.

गणपती बाप्पा मोरया.